लडक्या गुरुजींचं राहिलेलं लगीन

१९ एप्रिल

अर्थशास्त्राच्या वहीत एकवीस पानं भरलेली आहेत, पुढची सगळी कोरी. डिसेंबरात कॉलेज सोडलं तेव्हा वही चुलीत घालणार होतो, आईने काढून ठेवली. आता तिच्यातच लिहितो. कोणी वाचायची नाही. वाचली तर माझ्याशी गाठ आहे.

आज शाळेत मीटिंग होती. लडक्या गुरुजी ३१ मेला रिटायर होणार. चौतीस वर्षं आमच्या पाड्यावरच्या शाळेत काढली त्यांनी. समितीचा अध्यक्ष रघ्या म्हणाला, मानपत्र द्यायचं, त्यात गुरुजींच्या आयुष्याची सगळी हकीकत पाहिजे. लिहिणार कोण? सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले. तेवढ्यात मागून योगिता बोलली, "मनिष लिहील. चौदावीपर्यंत गेलाय ना."

"अर्धी चौदावी," रघ्या म्हणाला. लोक हसले.

दुसरी वेळ असती तर त्याची कॉलर धरली असती. पण योगिता माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, लिहितो.

योगिता म्हणजे गुरुजींची मुलगी. नर्सिंग शिकते, सध्या ट्रेनिंगची ड्युटी कासाला आहे. मी कासा ते रानशेत जीप चालवतो. शनिवारी ती माझ्याच जीपने घरी येते. मागे बसते, आरशात दिसते. आरसा मी तसाच लावलाय.

आज तिने स्वतःहून माझं नाव घेतलं, अख्ख्या पाड्यासमोर. यातून काय समजायचं ते मी समजलोय.

२२ एप्रिल

दुपारी कासाला जीप लाइनीत उभी होती तेव्हा दीड पान लिहून काढलं. एकदम जोरदार. "ज्ञानाचा अखंड तेवणारा दीप, समाजाचे दीपस्तंभ, तेजोमय व्यक्तिमत्त्व." योगिता आली तर तिला वाचायला दिलं. तिने उभ्या उभ्याच वाचलं.

"दीप, दीपस्तंभ, तेजोमय. एवढी लाइट आमच्या घरात कधी नव्हतीच रे. हे कोणाबद्दल लिहिलंयस?"

"गुरुजींबद्दल."

"ह्यातून गुरुजींना कोणी ओळखणार नाही." ती बापाला गुरुजीच म्हणते, पहिली ते चौथी त्यांच्याच वर्गात होती ना. "लोकांकडे जा. विचार. आणि समोरचा बोलत असला की मधे बोलू नकोस, तुला..."

"मी कुठं मधे बोलतो?" मी म्हटलं.

ती हसायला लागली. मला राग आला, पण मग दिवसभर तिचं ते हसणंच आठवत राहिलं. कासा नाक्यावर रिव्हर्स घेताना भाजीची टोपली चिरडली. भाजीवालीने मला गुजरातीतून आणि मराठीतून, दोन्हींतून झापलं.

२५ एप्रिल

जिव्याबाबा आणि काळीआजीकडे गेलो. रघ्याचे आईबाप. काळीआजी आमच्या भागातली धवलेरी आहे, तिने गाणं म्हणून लगीन लावलं की ते लागलं, भटाचं काम नाही. मी पेन काढलं आणि तोंड बंद ठेवायचं ठरवलं.

जिव्याबाबा म्हणाला, "लिव. रघ्याच्या वेळेस हिचं पोट दुखायला लागलं. तवा रस्ता नाही, जीप नाही. डोली केली. पुढचा बांबू गुरुजीच्या खांद्याला, मागचा माझ्या. आमची पावलं जुळंनात, डोली हले, ही आरडे. गुरुजी म्हणला, जिव्या, माझ्या मागं म्हण. बे एके बे. पाढ्यावर पाऊल टाकत निघालो."

"आणि?"

"आणि काय! तेराच्या पाढ्याला ओढ्यातच बाळंत झाली."

"बाराच्या," काळीआजी आतून ओरडली. "तेरा तुला येतच नव्हतं."

पोटातून पाढे ऐकत आलेला रघ्या चौथीत गणितात नापास झाला, हे मी वहीत ठळक लिहून ठेवलंय.

मग शाळेचं निघालं. सुरुवातीला पोरं यायचीच नाहीत, गुरं कोण चारणार? तर गुरुजींनी शाळा पहाटे घेतली. उजाडायच्या आत अर्धी शाळा, मग पोरं गुरं घेऊन रानात, ऊन चढलं की ओढ्याकाठी उरलेली अर्धी. पुस्तकातली मराठी पोरांना कळायची नाही, म्हणून आधी वारलीतून सांगायचे, मग मराठीतून. साहेब तपासणीला आला आणि म्हणाला, गुरुजी, ही कुठली भाषा? गुरुजी म्हणाले, "साहेब, ही पायरी आहे. वर चढल्यावर मागं राहते, पण पहिल्यांदा तिच्यावरच पाय द्यावा लागतो."

काळीआजीने देवाधर्माचं सांगितलं. गुरुजी जूनमध्ये नवी पुस्तकं आली की लगेच वाटत नाहीत. आधी गावदेवापुढे ठेवतात, जसं आपण नवं भात कणसरीला, धान्याच्या देवीला, दाखवल्याशिवाय खात नाही तसं. मलाही ते आठवतं. आम्ही रांगेत बसायचो आणि सगळ्यांना त्या कोऱ्या कागदाचा वास यायचा. गुरुजी म्हणायचे, पुस्तक पण पीकच आहे, पहिला घास देवाचा.

सहा पानं भरली. एकदाही मधे बोललो नाही. बरं, दोनदा.

२८ एप्रिल

आज जे झालं ते नीट लिहितो.

गुरुजींच्या घरी गेलो होतो. गुरुजी ओटीवर कोणाच्या तरी जातीच्या दाखल्याचा फॉर्म भरत होते. योगिताची आई, पुतळीकाकू, तांदूळ निवडत होती. मी विचारत गेलो, ती सांगत गेली. जन्म. शिक्षण. पहिली नेमणूक. मग मी विचारलं, "विवाह कोणत्या साली?"

पुतळीकाकू अशी हसली की सूप हललं. "ती ओळ कोरी सोड."

मला वाटलं तारीख आठवत नसेल. आज रजेवर घरी असलेली योगिता म्हणाली, "झालाच नाही अजून."

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. आमच्याकडे साखरपुडा झाला की बाई नवऱ्याच्या घरी येते, संसार सुरू होतो, पोरं होतात. लगीन नंतर, जमेल तेव्हा, कारण लगीन म्हणजे दोन दिवस अख्ख्या पाड्याला जेवण. कोणी नावं ठेवत नाही. फक्त एक आहे. आईबापाचं लगीन लागल्याशिवाय पोरांना मांडवात बसवत नाहीत. म्हणून तर गुरुजींनी वीस वर्षांपूर्वी सामुदायिक लगीन सुरू केलं. एक मांडव, एक जेवण, बारा-पंधरा जोडपी. वीस वर्षं गुरुजी लोकांची लगनं लावतायत आणि यांचं स्वतःचं नाही!

आणि मग माझ्या डोक्यात आलं. म्हणजे योगिताचंही होणार नाही.

मी उठलो. काय काय बोललो ते लिहायची लाज वाटते. पाड्याला शिकवता आणि घरात अंधार, लोकांच्या मांडवाला खांब आणि पोरीच्या वाटेत दगड, असलं काहीतरी. गुरुजींच्या ओटीवर, गुरुजींवर, मोठ्याने.

गुरुजींनी पेनाचं टोपण लावलं. "चहा निवतोय तुझा," म्हणाले. मग थोडं थांबून, "पहिल्या वर्षी मी गावदेवापुढे नारळ ठेवून बोललोय. पाड्यातलं प्रत्येक जोडपं मांडवात बसल्याशिवाय मी बसणार नाही. एक राहिलंय."

"कोणतं?"

त्यांनी पुतळीकाकूकडे बघितलं. तिने तांदळाकडे.

"तू लिहितोयस ना," गुरुजी म्हणाले, "मग शोध."

३ मे

पाच दिवस घरोघर फिरलो. सत्तेचाळीस घरं. "तुमचं लगीन लागलंय का?" हे विचारायचं म्हणजे काय ते मलाच माहीत. एका म्हातारीने झाडूच उचलला. सगळ्यांची लागलेली आहेत. काही जण माझ्याकडे बघून नुसते हसतात, काही म्हणतात, "सगळीकडे विचारलंस का?" रघ्या तर म्हणाला, "तू शोधशील आणि पावसाळा लागेल." त्याच्याशी भांडलो.

आमचं घर सोडून सगळी घरं झाली. आमच्याकडे भिंतीवर आईबाबांचा फोटोच आहे, गळ्यात हार घातलेला, मागे पडद्यावर डहाणूचा समुद्र रंगवलेला. त्यामुळे प्रश्नच नाही.

आता शेवटची उरली काळीआजी. तिला विचारलं, तूच सगळी लगनं लावलीस, तुला तर माहीत असणार. ती बसून चौकासाठी तांदूळ भिजवत होती. लगीनघरात भिंतीवर पिठाने देवीचा चौक लिहितात, तो फक्त सवाशिणींनी लिहायचा, म्हणजे ज्यांचं लगीन लागलंय अशाच बायांनी.

"तुझी आई चौक लिवायला का येत नाही?" तिने मलाच विचारलं.

"तिचा हात दुखतो. ती चुलीकडे बघते, पुतळीकाकूबरोबर."

"हां," काळीआजी म्हणाली. "चुलीवरची हंडी उचलताना दुखत नाही, पिठात बोट बुडवताना दुखतो. कसला हात असंल, नाय?"

६ मे

दोन दिवस लिहिलं नाही.

फोटो हा स्टुडिओतला आहे. हार स्टुडिओवाल्याचे.

आईने सगळं सांगितलं. बाबा गुरुजींचे विद्यार्थी, त्यांच्या मते आजपर्यंतचे सगळ्यात हुशार. नववीला आश्रमशाळेत कोणाशी तरी भांडून बाबा पळून आले. गुरुजी तीनदा न्यायला आले. तिसऱ्या वेळी बाबांनी त्यांची सायकल ओढ्यात टाकली. ठीक आहे, तेही मिटलं असतं. मग पहिलं सामुदायिक लगीन आलं. आईबाबा हळद लावून मांडवात बसलेले, मी आईच्या मांडीवर. गुरुजी माइकवर एकेका जोडप्याचं नाव घेत होते, जरा आनंदातच होते. बाबांचं नाव आल्यावर म्हणाले, "नविन, शाळा अर्धी सोडलीस, आता मांडव तरी अर्धा सोडू नकोस!"

सगळा मांडव हसला. बाबा उठले आणि हळदीच्या अंगाने सरळ घरी गेले.

"आणि तू?" मी आईला विचारलं.

"मी काय? तुला कडेवर घेतलं नि मागं मागं आले. हळद चार दिवस निघत नव्हती."

म्हणजे ते जोडपं आम्हीच. गुरुजींच्या दोन शब्दांमुळे बाबा उठले आणि बाबा उठले म्हणून गुरुजी वीस वर्षं उभे. मधे अडकले कोण? योगिता आणि मी! मी आईला म्हटलं, एवढ्या एका चेष्टेवर माणूस वीस वर्षं रुसतो? असं कसं डोकं? ती माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्या ताटात अजून एक भाकर टाकली.

८ मे

बाबा चिखल्याला चिकूच्या वाडीत कामाला जातात. सकाळी जीप घेऊन तिकडेच गेलो. बाबा वेडणीने, म्हणजे लांब काठीच्या झोळीने, वरचे चिकू काढत होते. मी खालून ओरडत होतो. शेजारच्या झाडावरचे दोघे काम थांबवून ऐकत बसले. बाबांनी हात थांबवला नाही. झोळी भरली, खाली घेतली, चिकू पाटीत ओतले.

"झालं ओरडून?"

"नाही."

"मग ओरड. मी ऐकतोय. असंच ओरडलो होतो मी पण, आश्रमशाळेत." मग पाटीशेजारी बसले. "माझी एक अट आहे, मन्या. गुरुजी त्या दिवशी जे बोलले ते मला लागलं, कारण ते खरं होतं. आता मी मांडवात बसलो नि कोणी म्हणलं, बापाने अर्धी सोडली, पोरानं पण अर्धी सोडली, तर मी परत उठणार. मला माझी खात्री नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तू आधी कॉलेजला जा. नाव घाल. मग मी बसतो."

मी जीपचं दार इतक्या जोरात आपटलं की काच खाली गेली ती अजून वर येत नाही.

त्या कॉलेजच्या ऑफिसात पाय टाकणार नाही असं मी सगळ्यांदेखत बोललोय. स्कॉलरशिपच्या कागदासाठी पाच वेळा परत पाठवलं मला. सहाव्या वेळी मी फाइल टेबलावर आपटली आणि निघालो. आता त्याच बाईसमोर मान खाली घालून उभं राहायचं? नाही. जमणार नाही.

१० मे, शनिवार

योगिताला सांगितलं. अटीचं, बाईचं, सगळं. वाटलं होतं ती माझी बाजू घेईल.

ती म्हणाली, "दवाखान्यात परवा एक ऐंशीचा डोकरा आला. साप चावला म्हणून नाही, सापाला शिव्या देत दोन तास बसला म्हणून पाय सुजला."

"मेला?"

"नाही. पण शिव्या देण्यात पहिली जीप चुकली होती त्याची."

रानशेत येईपर्यंत मी आरशात बघितलंच नाही.

१३ मे

डहाणूला गेलो. ऑफिसच्या बाहेर वीस मिनिटं उभा होतो, काय बोलायचं ते पाठ करत. माफी मागायची, पण पूर्ण नाही. अर्ध्या माफीची तीन वाक्यं तयार केली होती.

आत तीच बाई. मी म्हटलं, "मॅडम, मी मनिष. डिसेंबरमध्ये फाइल..."

"कोणती फाइल?"

"मी आपटली होती. इथं. या टेबलावर."

बाईंनी चष्मा वर केला. "अरे, इथं रोज दोन जण आपटतात. आडनाव सांग."

तिला मी आठवतच नव्हतो! पाच महिने मी या बाईशी मनातल्या मनात भांडलो. जीप चालवताना, जेवताना, आंघोळ करताना. असे असे टोमणे मारले की तिला रडू फुटावं. आणि तिला माझं तोंडही आठवत नाही. कपाटातून फाइल काढली. तिचा एक कोपरा दुमडला होता, तो हाताने सरळ केला. म्हणाली, "एकच दाखला कमी आहे. तो आण, जूनमध्ये फॉर्म भर, दुसरं वर्ष परत धर. पुढचा कोण आहे?"

दाखला कोणता ते तिने कागदावर लिहून, सही-शिक्का मारून दिलं. माफी मागायची राहूनच गेली. बाहेर आलो, उसाचा रस प्यायलो, दोन ग्लास.

१५ मे

कागद बाबांच्या हातात दिला. वाटलं बाजूला ठेवतील. बाबांनी तो उजेडाकडे धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला, कुठेही न अडता, कॉलेजच्या पत्त्यासकट. एवढं साफ तर मीही वाचत नाही. वीस वर्षं मी समजत होतो की ते पेपर फक्त चिकू पिकत घालायला आणतात.

मग म्हणाले, "जा, बोलवून आण. सांग, माइक आणू नका."

गुरुजी चालतच आले. अंगात बंडी, तसेच. आमच्या दारात उभे राहिले. बाबा आत, गुरुजी बाहेर, मधे उंबरा. आई आणि मी चुलीपाशी.

"नविन, चुकलं माझं," गुरुजी म्हणाले. "त्याच दिवशी कळलं होतं. सात वेळा आलो मी सांगायला. दर वेळी दार लावलेलं."

"लावायचो," बाबा म्हणाले. "पण कडी नव्हतो घालत, गुरुजी. एकदा तरी ढकलायचं होतं."

मग बाबांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि गुरुजी आत आले.

नंतर दोघं दोन तास बोलत बसले. कशावर? तर ओढ्यात टाकलेल्या सायकलवर. ती जिव्याबाबाने काढून कधीच विकली, असं ठरलं.

२३ मे

तारीख ठरली. ३१ मे, सकाळी शाळेत निरोप, लगेच मैदानात मांडव. आमच्या मांडवामुळे मैदानातली चिंचेची फांदी कापावी लागली, त्यावरून रघ्याशी भांडण. पण छोटं.

मानपत्र पुरं झालं. चार पानं. दीप एकही नाही. डोली आहे, पहाटेची शाळा आहे, गावदेवापुढची पुस्तकं आहेत, आणि पुतळीकाकू, जिने वीस वर्षं दुसऱ्यांच्या लगनात भात शिजवला आणि एकदाही विचारलं नाही, आपलं कधी. मी तिला विचारलं, राग नाही आला? ती म्हणाली, "आला ना. पण लगीन असलं की माणसं येतात, आणि राग आला की माणसं पळतात. मला माणसं लागतात."

माइकवरून काय घडलं तेही लिहू का, असं गुरुजींना विचारलं. म्हणाले, "ते आधी लिही. बाकी सगळं लोकांना माहीत आहे."

योगिताने चारही पानं वाचली. पानं परत देताना कडा जुळवून दिल्या.

३१ मे

दमलोय, तरी लिहितो.

सकाळी मानपत्र मी वाचलं, माइकशिवाय. आवाज माझा मोठा आहेच, पहिल्यांदा उपयोगी पडला. माइकवरच्या त्या चेष्टेपाशी आल्यावर बाबांकडे बघितलं, ते खाली बघून हसत होते. गुरुजींना बोलायला सांगितलं तर उठले, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "आज मी नवरदेव आहे. नवरदेवाने बोलायचं नसतं." आणि बसले.

मांडवात दोन जोडपी. काळीआजीने गाणं धरलं. तिचा आवाज बसलाय आता, पण गाणं सुरू झालं आणि चुलीकडची कुजबुज थांबली. आईने पुन्हा हळद लावून घेतली. वीस वर्षांपूर्वीसारखीच ती मांडवात बसली होती, फक्त आता मांडीवर मी नव्हतो, बाजूला उभा होतो. मधेच तिने बाबांचा शर्ट मागून धरून ठेवलेला मी पाहिला. शेवटचं गाणं संपेपर्यंत तिने तो सोडला नाही.

बँजो सुरू झाल्यावर नवरदेवांना खांद्यावर घेऊन नाचवायचं असतं. बाबांना मी घेतलं. काय वजन आहे माणसाचं! तीन फेऱ्या झाल्या, म्हटलं, बाबा, उतरा. वरून आवाज आला, "अजून एक. अर्धवट नको." गुरुजींना रघ्याने उचललं होतं आणि दोघं मिळून पावलं जुळवत पाढे म्हणत होते. रघ्याचे चुकत होते.

जेवणं आटोपली तेव्हा योगिता पत्रावळी गोळा करत होती. मीही गोळा करायला लागलो. काळीआजी जाता जाता म्हणाली, "आता तुमच्या वाटेत कोणी नाय रे."

मी योगिताकडे बघितलं. जीपमध्ये सहा महिने पाठ केलेलं काहीच आठवेना. म्हटलं, "मग?"

"मग काय?"

"म्हणजे, आपलं."

तिने हातातल्या पत्रावळींचा गठ्ठा माझ्या हातात दिला. "माझं ट्रेनिंग आहे. तुझी चौदावी, पंधरावी आहे. दोन वर्षं. त्याआधी विचारायचं नाही."

दोन वर्षं! माझ्या कानांतून वाफ निघाली. दोन वर्षं म्हणजे किती शनिवार होतात? मी तोंड उघडलं. मांडवाच्या त्या टोकाला बाबा आणि गुरुजी एकाच खाटेवर बसले होते, अंगभर पिवळे, एक विडी दोघांत.

तोंड मिटलं.

"चालेल," मी म्हटलं.

ती थांबली. वळून माझ्याकडे नीट बघितलं.

"भांडणार नाहीस?"

"नाही."

"मग दीड," ती म्हणाली, आणि उरलेल्या पत्रावळी उचलायला गेली.